अरण्यप्रदेश आणि भूप्रक्षेपित दूरचित्रवाणी

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्ली येथे 15 सप्टेंबर 1959 रोजी झाला. मुंबईस ती 2 ऑक्टोबर 1972 रोजी आली. खेड्यांशी तिचा व्यापक संबंध मात्र प्रथम उपग्रहानेच जोडला. 1975-76 च्या ‘साइट’ प्रयोगात एटीएस-6 या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत कार्यक्रम दाखविण्यात आले. शेजारच्या रायपूर परिसरातील गावे त्यांत होती, महाराष्ट्र नव्हता. अर्थात तेव्हाचा अखंड चंद्रपूर जिल्हा त्या प्रयोगाबाहेर राहिला.

26 ऑगस्ट 1982 रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढील वर्षी इन्सॅट-1बी अवकाशात गेला आणि 1984 पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा झपाट्याने विस्तार झाला. उपग्रहाकडून आलेला कार्यक्रम ग्रहण करून तो आसपासच्या काही कोसांत पुन्हा प्रक्षेपित करावयाचा, एवढेच त्यांचे कार्य. शहर व सपाटीस हे पुरेसे होते. भामरागड-एटापल्लीच्या डोंगराळ अरण्यास नव्हे.

डिजिटल पद्धतीने एकाच वाहिनीच्या जागेत अनेक कार्यक्रम मावतात. परंतु जुन्या पद्धतीत क्षीण लहरींवर चित्र ठिपक्यांनी भरले तरी ओळखू येई. नव्या पद्धतीत ते एका मर्यादेनंतर एकाएकी नाहीसे होते. 2016 मध्ये 16 शहरांत ही सेवा सुरू झाली. महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्यांत होती. हे दोन जिल्हे नव्हते. त्यानंतर 2021-22 पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता देशातील जुने प्रक्षेपक बंद करण्यात आले. म्हणजे येथे भूप्रक्षेपणाचे डिजिटल पर्व उगवण्यापूर्वीच त्याचे पूर्वपर्व मावळले.

ती पोकळी 2004 पासून चालू असलेल्या दूरदर्शनच्या विनाशुल्क उपग्रहसेवेने भरली. 2023 च्या ‘बाइंड’ योजनेत दुर्गम, आदिवासी व नक्षलग्रस्त भागांसाठी 8 लाखांहून अधिक ग्राहकपेट्यांची तरतूद झाली. उपग्रहास डोंगर आडवा येत नाही, हा लाभ निःसंशय मोठा आहे. तथापि देशभर पसरणाऱ्या एका लहरीत माडिया भाषिकांस त्यांच्या गावचे वृत्त मिळणे दुर्घट होय. मनोऱ्यात ती क्षमता होती. पण त्यास कार्यक्रमनिर्मितीची जोड कधी मिळाली नाही.

मोबाईल संचावर थेट प्रक्षेपणाच्या चाचण्या आता झाल्या आहेत. त्यातून मनोरे पुन्हा उभे राहतील कदाचित. परंतु त्यांवरून कोणाची भाषा बोलली जाईल, हा प्रश्न 1984 मध्ये सुटला नाही आणि केवळ यंत्र बदलल्याने तो आजही सुटणार नाही.