नकाशानवीसाच्या फळीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत : आदिलाबाद परिसरातील अभियांत्रिकी रेखाटनाचा एक मागोवा

प्रास्ताविक

उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकविणाऱ्या अध्यापकाने अभियांत्रिकी रेखाटनावर लिहावे, हे काही वाचकांना अधिकाराबाहेरचे वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतील ऑटोकॅडच्या वर्गात जाण्याचा योग आला. पारिभाषिक शब्दांसाठी मराठी व उर्दू पर्याय सुचवावेत, एवढेच माझ्याकडे काम होते. आदिलाबादकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक विद्यार्थी अर्ध्या तासात दोन मजली घराचा तळ आराखडा पडद्यावर काढून मोकळा झाला. त्याचा हात इतका सफाईदार होता की पाहतच राहावे. मी एका भिंतीकडे बोट दाखवून जाडी विचारली. त्याने तत्परतेने उत्तर दिले, "दोनशे तीस." "दोनशे तीस काय?" या माझ्या दुसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला आणि शिक्षकांकडे पाहू लागला. त्याचे वडील गवंडी आहेत हे नंतर कळले. २३० मिलिमीटर म्हणजेच घरी रोज ऐकलेली 'नऊ इंची भिंत', हा दुवा त्या मुलाच्या मनात कोणी जोडून दिलेला नव्हता.

त्या मुलाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. रेषा काढण्याचे साधन बदलत असताना रेषेमागील माप आणि त्या मापामागील विचार कोणत्या भाषेत शिकविला गेला व तो कोठे सुटला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

शब्दांचा वारसा

मराठीतील बांधकामविषयक शब्दसंपत्ती तपासली असता तिच्यात अरबी-फारसी शब्दांचे प्रमाण मोठे असल्याचे दिसून येते. नकाशा, नमुना, इमारत, पाया, मजला, हौद हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. गवंड्याचा गुण्या उर्दू बोलणाऱ्या मिस्तरीकडे गुनिया होतो. ओळंब्याला मात्र तो साहुल म्हणतो. तेलुगूत पायाला 'पुनादी' म्हणतात आणि तो शब्द फारसी 'बुनियाद'पासून आला आहे. आदिलाबादमध्ये मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी व लंबाडी बोलणारी माणसे एकाच बांधकामावर काम करतात. तेथे ही देवघेव रोजच चालू असते.

अभियांत्रिकी देशी भाषांतून शिकविण्याचे दोन प्रयोग या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला मुंबईचा. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तेथे मोजणी व बांधकामासाठी माणसे तयार करणारी संस्था चालत असे. तिचे अध्यापन मराठी व गुजराती भाषांतून होई. त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत करण्यात आली. त्यांपैकी भूमितीच्या पुस्तकाचे नाव 'कर्तव्यभूमिती' असे होते. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. हाताने करावयाची, जमिनीवर उतरवावयाची भूमिती, असा अर्थ त्या एका शब्दात आला आहे. ही संस्था १८३२ मध्ये बंद पडली.

दुसरा प्रयोग हैदराबादचा असून तो आदिलाबादला अधिक जवळचा आहे. १९१७ मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला. उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञान, वैद्यक, कायदा व अभियांत्रिकी या विषयांची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम त्याच्याकडे होते. परिभाषा कशी घडवावी यावर वहिदुद्दीन सलीम यांनी 'वज़ा-ए-इस्तलाहात' हा स्वतंत्र ग्रंथ १९२१ मध्ये लिहिला. १९२९ मध्ये उस्मानियाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकलेला तरुण पैमाना, परकार, मिस्तर या शब्दांतच रेखाटनाचा विचार करीत असे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आल्यानंतर माध्यम इंग्रजी झाले. प्रशासकीयदृष्ट्या हे स्वाभाविक असेलही, परंतु तीन दशकांत घडलेली परिभाषा त्यामुळे कपाटात गेली. तिचे मराठीत वा तेलुगूत रूपांतर करण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, ही खंत नोंदविणे भाग आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले, तर नांदेडकडील मुधोळ आदिलाबादला जोडले गेले. सीमारेषा बदलली तरी दोन्ही बाजूंच्या दप्तरांतील जुने गावनकाशे उर्दूतच राहिले. ते वाचू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

फळी, शाई आणि घाम

संगणकपूर्व काळातील आरेखन कार्यालयाचे स्वरूप आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. उतरत्या फळीवर कागद ताणून बसवायचा, टी-स्क्वेअर तिच्या कडेला टेकवायचा, सेट-स्क्वेअर त्यावर सरकवायचा. आरेखक प्रथम पेन्सिलीने मूळ आराखडा करी. त्यावर ट्रेसिंग क्लॉथ अंथरून अनुरेखक तो शाईने उतरवून घेई. हे कापड खळ दिलेले असल्यामुळे पाण्याचा थेंब पडताच डाग पडे. आदिलाबादच्या मे महिन्यात कपाळावरचा घाम सांभाळत काम करणे हासुद्धा अनुरेखकाच्या कौशल्याचाच भाग मानला पाहिजे. चूक झाली तर ब्लेडने शाई हलकेच खरवडून काढावी लागे. एक खिडकी सरकली की तळ आराखडा, दर्शनी आराखडा व छेद हे तिन्ही कागद दुरुस्त करावे लागत. त्यांपैकी एखादा राहून गेला तर जागेवर घोटाळा होई.

या पद्धतीत एक गोष्ट मात्र सक्तीची होती. पेन्सिल टेकविण्यापूर्वीच प्रमाण ठरवावे लागे. १:५० घ्यावे की १:१००, कागदावर किती मावेल, कोणता तपशील दिसेल आणि कोणता दिसणार नाही, याचा निर्णय सुरुवातीलाच होई. विद्यार्थ्याला वस्तूचा खरा आकार मनात धरल्याशिवाय पहिली रेषासुद्धा काढता येत नसे.

पडद्यावरील रेषा

१९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने त्यांनी रेषा काढून दाखविल्या. केवळ रेषाच नव्हेत, तर दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा समान लांबीच्या राहाव्यात, अशा अटीही यंत्राला सांगता येत होत्या. पुढील दोन दशके हे तंत्र विमान व मोटार उद्योगातील मोठ्या कंपन्यांपुरते राहिले. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले. ते टेबलावरच्या छोट्या संगणकावर चालत असल्याने लहान कार्यालयांनाही परवडू लागले.

या साधनाचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. दार, खिडकी, जिना एकदा काढून ठेवला की हवा तितक्या वेळा बसविता येतो. भिंती, पाण्याचे नळ व विजेच्या तारा निरनिराळ्या थरांवर ठेवून हव्या तेव्हा दाखविता वा लपविता येतात. जुन्या कार्यालयात एकावर एक ट्रेसिंग ठेवून हेच केले जाई. रेविटसारख्या प्रणालीत तर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृतीच तयार होते आणि खिडकी एकदा सरकविली की आराखडा, दर्शनी बाजू व छेद आपोआप बदलतात. ब्लेडने शाई खरवडणाऱ्या अनुरेखकाला ही सोय मिळाली असती तर त्याने आनंदाने स्वीकारली असती.

तथापि, एक बदल कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. ऑटोकॅडमध्ये वस्तू खऱ्या मापातच काढली जाते आणि प्रमाण छपाईच्या वेळी ठरते. पूर्वी पहिली असलेली पायरी शेवटची झाली आहे. शिवाय पडद्यावरील '२३०' ही केवळ एक संख्या असते. ते मिलिमीटर की इंच, हे वापरणाऱ्याने ठरवायचे असते. रेषा जाड-बारीक करण्यासाठी पेन्सिल बदलावी लागत नाही, पडदा हवा तेवढा मोठा करता येतो, आणि त्यामुळे दहा मीटरची भिंत व दहा मिलिमीटरचा खिळा सारखेच दिसतात. अनुभवी माणसाला याचा त्रास होत नाही, कारण माप त्याच्या डोक्यात असते. नवशिक्याच्या डोक्यात ते कोण घालणार? आमच्याकडील बहुतेक अल्पमुदतीचे वर्ग आज्ञा शिकवितात. लाइन, ऑफसेट, ट्रिम हे शब्द मुले चार दिवसांत आत्मसात करतात. त्यांना इंग्रजीची अडचण येथे येतच नाही. 'हे माप कोठून आले?' असे विचारले की ती येते, कारण त्याचे उत्तर वाक्यांत द्यावे लागते.

कडेम : एका संख्येची गोष्ट

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही, हे दाखविण्यासाठी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडेम धरणाचा इतिहास पाहावा. या भागात निजामकालीन बांधकामाची परंपरा मोठी आहे. गोदावरीवरील सदरमाट बंधारा १८९१-९२ चा असून २०१८ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. गोदावरीची उपनदी असलेल्या कडेमवरील धरण स्वातंत्र्योत्तर काळातले. माती व दगडी बांधकाम असे त्याचे मिश्र स्वरूप होते. पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर २.४ मीटर मोकळी उंची राखलेली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये पूर आला आणि पाणी धरणाच्या माथ्यावरून ४६ सेंटिमीटर उंचीने वाहिले. डाव्या बाजूस सुमारे १३७ मीटर रुंदीचे भगदाड पडले व उजवीकडेही दोन ठिकाणी धरण फुटले. त्या पुराचा विसर्ग सेकंदाला सुमारे १४,७०० घनमीटर नोंदविला गेला.

फळीवर शाईने काढलेला त्या धरणाचा आराखडा सुबकच असणार. तो ज्या पुरासाठी काढला होता, त्याहून नदी मोठी निघाली.

धरण पुन्हा उभारले गेले. जुलै २०२२ मध्ये कडेमला पुन्हा महापूर आला. आवक ५ लाख क्युसेकच्या आसपास पोहोचली, धरणाची विसर्ग क्षमता सुमारे ३ लाख क्युसेक होती, आणि १८ पैकी एक दरवाजा उघडला नाही. पाणी माथ्यावर चढले, धरण मात्र वाचले. आता १९५८ ची संख्या क्युसेकमध्ये बदलून पाहावी. १४,७०० घनमीटर म्हणजे सुमारे ५ लाख १९ हजार क्युसेक. चौसष्ट वर्षांच्या अंतराने नदीने जवळजवळ तोच आकडा पुन्हा सांगितला. हे रूपांतर शाळेतील गुणाकाराचे आहे आणि मी ते वर्गात विद्यार्थ्यांकडून करून घेतो. उत्तर आले की वर्ग शांत होतो.

संगणकाच्या काळात असे होणार नाही, ही समजूतही टिकत नाही. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर गोदावरीचा मेडिगड्डा बॅरेज २०१९ मध्ये पूर्ण झाला. या प्रकल्पासाठी विमानातून लेसर किरणांच्या साहाय्याने भूमापन करण्यात आले होते. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या सातव्या विभागातील खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, संकल्पन, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या चारही बाबतींत उणिवा नोंदविल्या. पायाखालची वाळू सरकणे हे संभाव्य कारण सांगितले गेले. त्यावरून उठलेल्या राजकीय वादात येथे शिरावयाचे नाही. पडद्यावरील आराखड्यात खांबाखालची वाळू एका ठिपक्यांच्या नक्षीने दाखविली जाते आणि ती नक्षी एका क्लिकने भरता येते, एवढेच शिक्षकाच्या नात्याने नोंदवितो. त्या ठिपक्यांना काय म्हणायचे आहे, हे विचारणारा माणूस आपण घडवितो का?

वर्गातील अनुभव

२००८ मध्ये बासर येथे ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठाची संस्था सुरू झाली. दहावीनंतर थेट तेथे जाणाऱ्या मुलामुलींमुळे आपल्या भागात अभियांत्रिकी शिक्षणाबद्दलचे आकर्षण वाढले, हे चांगलेच झाले. परंतु आपल्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी बहुधा त्या परीक्षेत मागे राहिलेला असतो. त्याच्यासाठी सहा महिन्यांचा कॅडचा वर्ग हीच नोकरीची वाट असते. कागदनगरच्या सिरपूर कागद गिरणीने २०१४ मध्ये बंद पडून व २०१८ मध्ये नव्या मालकीखाली पुन्हा सुरू होऊन या भागातील रोजगाराची अनिश्चितता पुरेशी दाखवून दिली आहे. म्हणून हा वर्ग हलक्या हाताने घेण्यासारखा नाही.

गेली काही वर्षे मी आणि माझे एक अभियंता सहकारी मिळून एक साधा उपक्रम करीत आहोत. पहिले आठ दिवस संगणक बंद. विद्यार्थ्यांनी टेप घेऊन वर्गखोली, व्हरांडा आणि जिना मोजावा, वहीत हाताने कच्चा आराखडा काढावा आणि प्रत्येक मापापुढे ते कसे मिळाले हे आपापल्या भाषेत एका ओळीत लिहावे. त्यानंतरच पडदा. पहिल्या वर्षी एका मुलीने मोजलेल्या जिन्याला सतरा पायऱ्या भरल्या, तर इमारतीच्या भिंतीवर लावलेल्या छापील नकाशात सोळा होत्या. तिने तीनदा मोजले, कारण छापलेले चुकत नाही असा तिचा समज होता.

याच वर्गासाठी आम्ही शब्दांचा एक तक्ता केला आहे. त्यात आडवा छेद, गुण्या, पाया, प्रमाण, उतार असे सुमारे दीडशे शब्द आहेत. मराठी, उर्दू व तेलुगू हे तीन रकाने भरण्यास फार वेळ लागला नाही, आणि त्यांतील कित्येक शब्द गवंडी असलेल्या पालकांनीच दिले. चौथा रकाना गोंडीचा आहे. उटनूरकडील दोन विद्यार्थी सुटीत घरी जाताना तो कोरा कागद सोबत नेतात. आतापर्यंत एकोणीस शब्द आले आहेत.