पायाखालची ओल

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पोसल्या. बांधीत चिखलणी करून पाणी खाली झिरपू द्यावयाचे नाही, हे तिथल्या धानशेतीचे मर्म. घर बांधणाराची इच्छा मात्र नेमकी उलटी! त्याला पायाखाली कोरडी जमीन हवी असते.

जुन्या माणसांनी ही अडचण मोठ्या शहाणपणाने सोडविली होती. जोते उंच घ्यावे, मुरूम पसरून पाणी शिंपडावे, धुम्मसाने चोपावे आणि वर शेणामातीचे सारवण. पावसाळ्यात ही भुई ओलावे, पोपडेही धरी. पण आलेली ओल वाऱ्यावर विरून जाई. दिवाळी जवळ आली की घरच्या बाया उखडलेले कोपरे खणून नवा मुरूम ठोकीत आणि सारे घर सारवून काढीत. दुरुस्ती हा त्या जमिनीच्या संसाराचाच भाग होता. मागाहून फरशी आली, सिमेंटचा कोबा आला. त्यांतूनही थोडी वाफ वर निघून जाई.

विनाइलची कुळकथा मात्र दूरची. १८६३ साली इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने जवसाच्या तेलापासून लिनोलियम करण्याचे पेटंट घेतले. (जवस म्हणजे आपल्या वैदर्भीयांच्या चटणीतले, बरे का!) पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सीमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटविणारा गोंद शोधीत असता त्याच्या हाती मऊ विनाइल लागले. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात विनाइलच्या फरशा लोकांपुढे मांडल्या गेल्या. गोंद शोधताना सापडलेला हा पदार्थ आज बहुधा गोंदापायीच फसतो, ही गंमतच.

विनाइलमधून वाफ जात नाही. कोबा पुरता सुकण्यापूर्वी त्यावर ते अंथरले, किंवा जोत्याखाली ओल अडविणारा थरच घातला नाही, म्हणजे पाणी मध्येच कोंडते. सिमेंटमधील क्षार त्या ओलीबरोबर वर येऊन गोंद सोडवितात. खालचे लाकडी अस्तर फुगते, सांधे उचलतात, कुबट वास सुटतो. अशा वेळी वरून नवा गोंद ओतणे म्हणजे निव्वळ पैसे घालविणे. विनाइल उचलावे, फुगलेले अस्तर काढून टाकावे आणि ओल नळाची, भिंतीची की जमिनीची, हे आधी शोधावे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरातल्या घरांत शिरले होते. तशा जमिनीला तर वरून कोरडी दिसल्यावरही पुष्कळ दिवस द्यावे लागतात.

परीक्षा सोपी आहे. हात-दीड हात लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर, निदान १६ तास, ठेवावा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर ओल अजून आहे असे समजावे आणि काम थांबवावे. तेवढ्यात दिवाळी आलीच, तर उघड्या कोब्यावर रांगोळी उत्तम उठते.