रेषेवरचा शब्द

संकल्पनाचित्रात दोनच गोष्टी असतात : चौकटीत किंवा वर्तुळात लिहिलेल्या संकल्पना आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. चौकटीत काय लिहायचे हे सहसा चटकन सुचते. अडते ते रेषेपाशी. ‘उष्णता’ आणि ‘बाष्पीभवन’ हे शब्द लिहून मध्ये रेघ मारली, तर या दोहोंचा काहीतरी संबंध आहे एवढेच सांगून होते. एक दुसऱ्याचे कारण आहे, भाग आहे, प्रकार आहे की पुरावा आहे, हे रेषेवर शब्द लिहायची वेळ आली म्हणजे ठरवावेच लागते, आणि पुष्कळदा तेव्हाच आपल्याला ते नीट माहीत नसल्याचे ध्यानात येते. विचार आकृतीत मांडण्याच्या पद्धती गेल्या साडेसतराशे वर्षांत अनेक निघाल्या. त्या प्रत्येकीत रेषेला काय म्हणायचे आहे हे पाहत गेले, तर या पद्धतींचे मोठेपण आणि उणेपण दोन्ही कळतात.

या परंपरेच्या मुळाशी तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी आहे. तो आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरचा, प्लॉटिनसचा शिष्य. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात शिरू पाहणाऱ्यांसाठी त्याने ‘इसागोगे’ हे छोटे पुस्तक लिहिले. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने केलेल्या त्याच्या लॅटिन भाषांतरावर मध्ययुगीन युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तर्कशास्त्राची मुळाक्षरे शिकल्या. पॉर्फिरीने वर्गीकरणाची उतरंड शब्दांत सांगितली होती. तिचे झाड काढले ते नंतरच्या नकलाकारांनी आणि टीकाकारांनी. शेंड्याला ‘द्रव्य’. त्याच्या दोन फांद्या : शरीरी आणि अशरीरी. शरीरी द्रव्यात सजीव आणि निर्जीव, सजीवांत संवेदना असलेले आणि नसलेले, संवेदना असलेल्यांत म्हणजे प्राण्यांत विवेकी आणि अविवेकी. असे उतरत गेले की माणूस येतो आणि त्याच्या खाली सॉक्रेटिस, प्लेटो अशी व्यक्तींची नावे. या झाडावरून बोट फिरवत खाली आले की माणसाची व्याख्या आपोआप वाचली जाते, हा त्याचा मोठा गुण. मात्र इथली प्रत्येक रेष एकच वाक्य बोलते : खालचा हा वरच्याचा प्रकार आहे. पावसाने पीक येते किंवा साक्षीने गुन्हा शाबीत होतो, यांतले काही या झाडावर बसत नाही.

तेराव्या शतकात मायोर्का बेटावरच्या रामोन लल याने वेगळीच वाट धरली. चांगुलपणा, थोरवी, शाश्वतता, सामर्थ्य, प्रज्ञा अशा नऊ ईश्वरी गुणांना त्याने एकेक अक्षर दिले आणि ती अक्षरे एकात एक फिरणाऱ्या कागदी चकत्यांवर मांडली. चकती फिरवली की अक्षरांच्या नव्या जोड्या समोर येत आणि प्रत्येक जोडीवर विचार करणे भाग पडे. शक्यता एकही सुटू नये ही यामागची ओढ. हीच ओढ भारतात त्याच्या कितीतरी आधी बौद्ध नैयायिक दिङ्‌नागाच्या ‘हेतुचक्रा’त दिसते. अनुमानात दिलेला हेतू म्हणजे कारण सपक्षात, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट जिथे असते अशा उदाहरणांत, सर्वत्र असणे, काही ठिकाणी असणे किंवा कुठेच नसणे आणि विपक्षात, म्हणजे ती गोष्ट जिथे नसते अशा उदाहरणांतही तसेच, अशा तीन गुणिले तीन मिळून नऊ शक्यता त्याने मांडल्या आणि त्यांतल्या दोनच ठिकाणी हेतू निर्दोष असतो हे दाखवले. त्यात जोडणारी रेष नाही, पण वादातले सगळे पर्याय एका नजरेत आणण्याचे काम ती मांडणी चोख करते.

छपाई आल्यावर सोळाव्या शतकात पॅरिसच्या पेत्रुस रामुसने प्रत्येक विषयाचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा दोन भाग अशा महिरपी कंसांच्या तक्त्यांची चाल पाडली. व्याकरण असो वा वक्तृत्व, अख्खा विषय एका पानावर येऊ लागला. विद्यार्थ्यांना हे सोयीचे होते, यात शंका नाही. पण विषय दोनांत विभागत नसला तरी विभागायचाच, ही जबरदस्ती त्या तक्त्यांत उघड दिसते. पुढे अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलरने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत तर्कवाक्ये वर्तुळांनी समजावली आणि १८८०च्या सुमारास जॉन व्हेनने ती पद्धत पक्की केली. तिथे रेष ही जोडणी उरली नाही, ती सीमा झाली : आत कोण, बाहेर कोण. शाळेच्या गणितातून ही वर्तुळे सर्वांच्या परिचयाची आहेत.

आकृतीतल्या रेषेला खऱ्या अर्थाने बोलते केले ते एका कायदेपंडिताने. जॉन हेन्री विग्मोर हे शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे १९०१ ते १९२९ या काळातले अधिष्ठाता. पुराव्याच्या कायद्यावरचा त्यांचा १९०४-०५चा चार खंडी ग्रंथ अमेरिकेतल्या वकिलांना प्रमाण होता. कोणता पुरावा न्यायालयात दाखल होऊ शकतो, कोणता नाही, हे त्या ग्रंथात बारकाईने सांगितले आहे. पण दाखल झालेल्या पन्नास-शंभर गोष्टी एकत्र करून मन निर्णयापर्यंत कसे पोहोचते, याबद्दल कायदा गप्प होता. माणसाच्या मनात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. शेवटच्या साक्षीदाराचे बोलणे ताजे असते, पहिल्याचे पुसट झालेले असते. १९१३मध्ये विग्मोर यांनी यावर एक तक्ता सुचवला. साक्षीदाराच्या तोंडून आलेल्या विधानाला चौकोन, परिस्थितीजन्य पुराव्याला वर्तुळ, एखाद्या गोष्टीचे वेगळे स्पष्टीकरण देऊन तिचा जोर कमी करणाऱ्या आणि तिला दुजोरा देणाऱ्या मुद्द्यांना वेगवेगळी चिन्हे. प्रत्येक चिन्हाला क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे विधान शेजारच्या यादीत. रेष खालून वर जाते आणि तिचा अर्थ एवढाच : यावरून ते शाबीत होण्यास मदत होते. मदत किती होते हेही रेषेवरच नोंदवायचे : साधा बाण, जोर असल्यास दुहेरी बाण, शंका असल्यास प्रश्नचिन्ह.

त्यांनी नमुन्याला घेतलेला एक खटला मॅसॅच्युसेट्समधला, १९०१ सालचा. एका शेतावर काम करणाऱ्या उमिलियनवर जेड्रुसिक या सोबत्याच्या खुनाचा आरोप होता. उमिलियनचे लग्न ठरले असताना धर्मगुरूकडे एक पत्र आले होते : याला मायदेशी आधीच बायकामुले आहेत. पत्र खोट्या नावाने होते, पण ते जेड्रुसिकनेच लिहिले असा सरकार पक्षाचा दावा होता. धर्मगुरूने आधी लग्न लावायला नकार दिला, मग चौकशी करून लावून दिले. सरकार पक्षाचे म्हणणे, या पत्राचा राग खुनाच्या मुळाशी आहे. विग्मोर यांच्या तक्त्यात ‘सूडाची भावना’ हे एक वर्तुळ. त्याच्या खाली पत्र, पत्राचा लेखक कोण याचा पुरावा, त्यातला मजकूर खोटा असल्याचा पुरावा आणि तो उमिलियनला कळल्याचा पुरावा. यांतला एक दुवा निखळला तरी वरचे वर्तुळ डळमळते. उमिलियनला पत्र माहीतच नसते, तर राग कशाचा? मग बाजूने बचावाचा मुद्दा येतो : लग्न अखेर झालेच, तेव्हा सूड घ्यावा एवढा राग उरला नसेल. आणि त्या मुद्द्यावर पुन्हा उलट मुद्दा : दोघे रोज एकाच शेतावर समोरासमोर येत, त्यामुळे सल ताजाच राहिला असेल. बोलताना हे सगळे ‘त्याच्या मनात राग होता’ या एका वाक्यात गुंडाळले जाते. तक्त्यावर त्याच वाक्याचे सात-आठ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासता येतो.

निकाल काय असावा हे तक्ता सांगत नाही, आपले मत काय आहे आणि ते कशावर उभे आहे एवढेच दाखवतो, याबद्दल विग्मोर स्वतः स्पष्ट होते. वकिलांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली. चिन्हे फार, काढायला वेळ फार. पुढे सुमारे ७० वर्षांनी विल्यम ट्वायनिंग आणि टेरेन्स अँडरसन यांनी तो पुन्हा वर काढला आणि कायद्याच्या वर्गांत शिकवायला घेतला. विग्मोर यांच्या तक्त्याच्याच सुमारास जन्मलेली दुसरी एक पद्धत अधिक नशीबवान ठरली. अमेरिकी कृषी खात्यात गिनिपिगांच्या रंगांचा अभ्यास करणाऱ्या स्यूअल राइट यांनी १९२०च्या आसपास कारणांच्या आकृत्या काढल्या. आनुवंशिकता, गर्भातली परिस्थिती आणि योगायोग यांच्यापासून पिल्लाच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांपर्यंत बाण, आणि प्रत्येक बाणावर त्या कारणाचा वाटा सांगणारा आकडा. इथे रेष ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ घेऊन आली, तोही मोजमापासह. आज साथरोगांच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या कारण-आकृत्या याच कुळातल्या.

ज्याला आज जगभर संकल्पना-नकाशा म्हणतात तो निघाला एका अडचणीतून. कॉर्नेल विद्यापीठातले जोसेफ नोव्हॅक यांनी १९७१मध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला. पहिली-दुसरीतल्या मुलांना विज्ञानातल्या मूलभूत कल्पना शिकवता येतात का आणि त्या पुढे टिकतात का, हे त्यांना पाहायचे होते. टेपवरच्या सूचना ऐकत हातांनी प्रयोग करायचे, असे २८ पाठ तयार झाले. ते शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या मुलाखती बारा वर्षे घेतल्या जाणार होत्या. मुलाखती टेपवरून कागदावर उतरवल्या की पानांचा ढीग होई. मुलाचे आकलन गेल्या खेपेपेक्षा कुठे बदलले, हे त्या ढिगातून हाती लागेना. १९७२मध्ये नोव्हॅक यांच्या गटाने मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना वेगळ्या काढल्या, सर्वांत व्यापक ती वर ठेवली, बाकीच्या खाली उतरत्या क्रमाने मांडल्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवर मुलाने त्या कशा जोडल्या ते शब्द लिहिले. पंधरा-वीस पानांची मुलाखत एका पानावर आली.

यामागचा विचार डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा होता : नवे ज्ञान शिकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाला जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, एरवी ते नुसते पाठांतर राहते. म्हणून नकाशात जोडणी दिसणे महत्त्वाचे. नोव्हॅक यांच्या लेखनात पाण्याचा नकाशा वारंवार येतो. त्या धर्तीवर असे मांडता येते : ‘पाणी’ – ‘बनलेले असते’ – ‘रेणू’, ‘रेणू’ – ‘असतात’ – ‘हालचालीत’, ‘पाणी’ – ‘आढळते’ – ‘तीन अवस्थांत’. इथवर हुशार मूल पुस्तक पाहून पोहोचते. खरी कसोटी आडव्या रेषांची. ‘उष्णता’ – ‘वाढवते’ – ‘हालचाल’ आणि ‘हालचाल’ – ‘ठरवते’ – ‘अवस्था’ अशा दोन रेषा कागदाच्या एका बाजूकडून दुसरीकडे ज्याने ओढल्या, त्याला बर्फ का वितळतो ते कळले आहे. ज्याच्या नकाशात रेणू एका फांदीवर आणि बर्फ-पाणी-वाफ दुसऱ्या फांदीवर सुटे राहिले, त्याचे दोन्ही धडे पाठ असले तरी ते एकमेकांना भेटलेले नाहीत. बॉब गोविन यांच्यासह १९८४मध्ये लिहिलेल्या पुस्तकात नोव्हॅक यांनी गुणदानाची रीत दिली. तीत प्रत्येक बरोबर विधानाला १ गुण, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पायरीला ५ आणि अर्थपूर्ण आडव्या दुव्याला १०. शिकण्यात कशाला मोल द्यायचे याचे इतके स्पष्ट उत्तर शिक्षणशास्त्रात क्वचित मिळते. आकार पॉर्फिरीच्या झाडाचाच, पण रेषेला हवे ते क्रियापद बोलायची मुभा मिळाली आणि फांदीवरून फांदीवर जाता येऊ लागले. बारा वर्षांच्या शेवटी ते २८ पाठ शिकलेल्या मुलांच्या नकाशांत चुकीच्या समजुती कमी आणि योग्य विधाने अधिक आढळली. पुढे फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेने संगणकावर असे नकाशे काढण्याची प्रणाली फुकट उपलब्ध करून दिली आणि २००४मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

लोकप्रियतेत मात्र माइंड मॅप पुढे गेला. १९७४च्या बीबीसीवरच्या मालिकेतून टोनी बुझान यांनी तो घराघरांत नेला. मधोमध विषयाचे चित्र, भोवती रंगीत वळणदार फांद्या, फांदीवर एकच शब्द. भाषणाचे टिपण काढायला, लेखाचे मुद्दे सुचायला तो उत्तम. मात्र त्यातली फांदी ‘यावरून हे आठवले’ एवढेच सांगते.

महाराष्ट्रातल्या शाळांत आकृती आली ती कृतिपत्रिकेतून. ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’, ‘आकृतिबंध पूर्ण करा’ हे प्रश्न दहावीच्या मुलांना तोंडपाठ असतात. बहुतेक संकल्पनाचित्रांत मध्ये एक भरलेली चौकट आणि भोवती चार रिकाम्या. रेषांवर शब्द नसतो आणि विचारलाही जात नाही. हजारो उत्तरपत्रिका ठरलेल्या वेळात तपासायच्या, तर एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न सोयीचा पडतो, हे खरे. पण मग हे चित्र चार नावांची यादी विचारण्याचाच प्रकार ठरते. वर्गात तपासणीचे हे दडपण नसते. तिथे शिक्षकाने त्याच चार रेषांवर एकेक क्रियापद लिहायला सांगितले, तर तेच चित्र वेगळे काम करू लागते.

रेषेवरच्या शब्दाचा प्रश्न सर्वांत नेटाने धरला तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मानखुर्द इथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. तिथल्या मीना खरटमल आणि नागार्जुन जी. यांनी कोस्टा रिकातल्या २००६च्या परिषदेत संकल्पना-नकाशात सुधारणा सुचवली. आक्षेप साधा होता : मुभा दिली की मुले कसलेही शब्द लिहितात. ‘पेशीत केंद्रक असते’, ‘पेशीत प्राणिपेशी आणि वनस्पतिपेशी असतात’, ‘पेशीत हालचाल असते’ या तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच, पण पहिले भाग सांगते, दुसरे प्रकार, तिसरे क्रिया. शब्द सारखा राहिला की गोंधळ झाकला जातो. म्हणून संबंधांची ठरावीक, व्याख्या केलेली नावे वापरावीत आणि एक नाव एकाच अर्थाने वापरावे, असा त्यांचा आग्रह. नोव्हॅक यांच्या पद्धतीत मुलाने स्वतःचा शब्द शोधणे हाच शिकण्याचा गाभा मानला जातो, त्यामुळे या दोन भूमिकांत खरा ताण आहे. मुलाच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायचे असेल, तर शब्द त्याचाच हवा; पण जीवशास्त्राची अचूक भाषा शिकवायची असेल, तेव्हा मुंबईच्या अभ्यासकांचा आग्रह वजनदार ठरतो. एकाच वर्गात आधी मोकळा नकाशा काढून घ्यायचा आणि मग त्यातले ‘असते’, ‘आहे’ असे ढिले शब्द एकेक करून भाग, प्रकार, कारण, क्रिया यांत वेगळे करायचे, असे दोन्ही साधता येते.