सतरा वर्षे, पंचेचाळीस टक्के आणि इंग्रजी : नर्सिंग-प्रवेशाच्या नियमांवर भाष्य

आधी संहितेविषयी. आपण ज्या ओळी वाचणार आहोत त्या भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे आपण जिला आयएनसी म्हणतो तिच्या. ही परिषद १९४७च्या कायद्याने झाली. बी.एस्सी. नर्सिंगची सध्याची नियमावली २०२०च्या नावाने ओळखली जाते, पण राजपत्रात ती २०२१मध्ये आली. विश्रांतवाडीच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तू जो कागद आणलास, तो या नियमांचा कोणीतरी केलेला सारांश आहे. सारांशावर भाष्य करता येत नाही. सारांश करणाऱ्याने जे शब्द गाळले, नेमके तेच पुढे अडवतात. मूळ इंग्रजीत आहे. मी आशय मराठीत मांडते, आणि जिथे शब्द अडतो तिथे मूळ शब्दच ठेवते. पेन्सिल घेऊन बस.

«ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किमान वय १७ वर्षे असावे.»

'३१ डिसेंबरला' म्हणजे अर्ज भरतानाचे वय नव्हे, परीक्षेच्या दिवसाचेही नव्हे. अर्ज भरताना तू सोळाची असलीस तरी चालेल, वर्ष संपताना सतरा पूर्ण हवीत. २०२६चा प्रवेश धर. जन्म ३१ डिसेंबर २००९चा असेल तर पात्र. इथवर शंका नाही.

आता १ जानेवारी २०१० धर. पहिले वाचन असे : सतरावा वाढदिवस १ जानेवारी २०२७ला येतो, तो ३१ डिसेंबरनंतरचा, म्हणून अपात्र. दुसरे वाचन असे : वाढदिवस हा सतरा वर्षे 'पूर्ण होण्याचा' दिवस नव्हे, पूर्ण झाल्यानंतरचा पहिला दिवस आहे. जन्माचा दिवस अख्खा मोजला तर सतरा वर्षांचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर हाच येतो. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तो नाही. 'प्रभु दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य' या १९८६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच मोजणी केली. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६चा होता. १ जानेवारी १९८४ला त्याची २८ वर्षे भरली, असे न्यायालयाने धरले. त्याचे त्यात नुकसान झाले, कारण तिथे वयाची वरची मर्यादा होती. इथे मर्यादा खालची आहे, म्हणून त्याच मोजणीने मुलीचा फायदा होतो. माझ्या मते दुसरे वाचन बरोबर. तरी ऑनलाइन अर्ज तारीख आपल्या पद्धतीने मोजतो आणि त्याला निकाल ठाऊक नसतो. १ जानेवारीला जन्मलेल्या मुलीने अर्जाच्या आधी लेखी विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेसाठी, वरची मर्यादाही आहे, ३५ वर्षांची. पण नोंदणीकृत एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेला, ती लागू नाही. याचा अर्थ, जिने उपकेंद्रात वर्षानुवर्षे लसी टोचल्या आणि बाळंतपणे केली, तिला चाळिशीतही पुढचे दार उघडे आहे. तुझ्या मावशीला हे वाक्य दाखव.

«बारावी विज्ञान शाखेतून, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन, ॲग्रिगेट ४५ टक्के गुणांनी उत्तीर्ण.»

ही बी.एस्सी.ची ओळ, २०२०च्या आधीच्या नियमावलीतली. गणित तिच्यात नाही, म्हणजे गणिताची अट नाही. 'ॲग्रिगेट' म्हणजे एकत्रित. पण एकत्रित कशाचे? तीन विषयांचे, इंग्रजी धरून चारांचे, की अख्ख्या गुणपत्रिकेचे? वाक्याची रचना अशी आहे की तिन्ही अर्थ व्याकरणात बसतात.

आकडे मांडून बघ. फिजिक्स ४२, केमिस्ट्री ४४, बायोलॉजी ४७. बेरीज ३०० पैकी १३३, म्हणजे ४४.३३ टक्के. ४५ टक्क्यांना १३५ लागतात. दोन गुण कमी. आता त्यात इंग्रजीचे ५८ मिळव : ४०० पैकी १९१, म्हणजे ४७.७५ टक्के. तीच मुलगी, तीच गुणपत्रिका. एका वाचनात बाहेर, दुसऱ्यात आत.

मग निर्णय कसा करायचा? परिषदेचा आकडा हा तळ आहे. राज्य त्याच्या वर जाऊ शकते, खाली नाही. महाराष्ट्रात बी.एस्सी.चा प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतो आणि दर वर्षी माहितीपुस्तिका निघते. बेरीज कोणत्या विषयांची, हे मात्र २०२०च्या नियमावलीने ठरवून टाकले. तिने सर्वांत कडक अर्थच घेतला : तीन विषयांत मिळून ४५ टक्के, म्हणजे १३५, आणि इंग्रजीत वेगळे उत्तीर्ण. ४४.३३ला कोणी ४५ करून देईल या भरवशावर राहू नकोस. नियमात पूर्णांकाचा शब्द नाही, आणि जो शब्द नाही तो कल्पनेने घालायचा नाही.

अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सूट. म्हणजे ४५चे पाच टक्के नव्हेत. ४५ वजा ५, म्हणजे ४०, तीनशेपैकी १२०. प्रवेश परीक्षेच्या पात्रतेत 'पर्सेंटाइल' हा शब्द येतो, तोही टक्के समजू नकोस. ५०वा पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुझ्या मागे. त्याचा शंभरपैकी पन्नास गुणांशी संबंध नाही.

«बारावीत इंग्रजी असावे, आणि क्वालिफाइंग परीक्षेत व इंग्रजीत इंडिव्हिज्युअली किमान ४० टक्के.»

ही जीएनएमची ओळ. मला विचारशील तर सगळ्या संहितेत हीच सर्वांत कठीण. बारावी कोणत्या शाखेची, याची अट नाही. विज्ञान 'प्रेफरेबल', म्हणजे असेल तर बरे, नसेल तर अडत नाही. कला शाखेतल्या मुलीला कोणी दारातून परत पाठवत असेल तर तिने हा शब्द दाखवावा.

अडचण 'इंडिव्हिज्युअली'त आहे. सैल वाचन : एकूण ४० टक्के हवेत, आणि इंग्रजीत वेगळे उत्तीर्ण असले की पुरे. कडक वाचन : एकूण ४० हवेत, आणि एकट्या इंग्रजीतही ४० हवेत. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीत ३५ला उत्तीर्ण होतात. म्हणजे ३५ ते ३९ गुणांची मुलगी मंडळाच्या लेखी उत्तीर्ण, आणि कडक वाचनाने जीएनएमला अपात्र. वाद फक्त पाच गुणांच्या पट्टीचा आहे, पण त्या पट्टीत उभ्या असलेल्या मुली मी मोजल्या आहेत.

मी कडक वाचनाच्या बाजूची आहे. कारण वाक्यात 'किमान ४०' हे क्रियापदाजवळचे पद दोन्हींना सारखे लागते, परीक्षेला आणि इंग्रजीला. फक्त उत्तीर्णच हवे असते तर 'बारावीत इंग्रजी असावे' एवढ्यावर काम भागले असते. मग इंग्रजीचा उच्चार दुसऱ्यांदा कशाला? नियमात शब्द दुसऱ्यांदा आला की तो काही नवे सांगायला आलेला असतो, असे धरून वाचायचे.

एक आठवण सांगते, कारण ती या ओळीचीच आहे. मी शिकवत होते त्या काळात एक मुलगी आली. एकूण ६१ टक्के, इंग्रजीत ३७. एका संस्थेने सैल वाचन करून तिला प्रवेश दिला, फी घेतली. परीक्षेच्या नावनोंदणीत तिचे कागद परत आले. तोपर्यंत तिने टोपी घातली होती, बेड मेकिंग शिकून झाले होते, आजोबांच्या वयाच्या रुग्णाला ती स्पंज देत होती. ते वर्ष गेले. तिच्या गुणपत्रिकेवरचे ते ३७ मला आजही दिसतात. म्हणून तुला सांगते, इंग्रजीत चाळीसच्या खाली असशील तर आधी सुधार परीक्षा दे, मग अर्ज.

«उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असावा. रंगांध उमेदवार पात्र, मात्र त्याने रंगदोष सुधारणारी कॉन्टॅक्ट लेन्स आणि चष्मा वापरावा.»

'आणि' शब्दशः घेतला तर एकाच डोळ्यावर लेन्सही आणि चष्माही. तो अर्थ निघत नाही. इथे 'आणि'चा अर्थ 'किंवा' घ्यायचा. पण रंगाचा एवढा आग्रह का? वॉर्डमध्ये जा. कापलेली सुई पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, काचेची बाटली निळ्यात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे रंग ठरवून दिले आहेत. निळसर पडलेले ओठ, लघवीचा बदललेला रंग, हेही आधी नर्सलाच दिसते. याचा अर्थ, अट बाहेर ठेवण्यासाठी नाही. दार उघडे आहे, फक्त लेन्स घालून आत यायचे आहे.

«विवाहित उमेदवारही पात्र.»

तीन शब्द. आज कोणीही विचारेल की हे लिहायची गरज काय. 'ही'कडे बघ. 'ही' आहे म्हणजे एके काळी तसे धरले जात नव्हते. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि घराबाहेर न पडलेल्या बायकांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला घेतले. त्या स्वतः विधवा होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावण्याचे काम आपल्या घरातल्या बाईने करावे, हे तेव्हा घरोघर पटवावे लागले. त्या पटवण्याचा अंश मला या 'ही'मध्ये दिसतो. लष्कराच्या नर्सिंगची अट मात्र वेगळी आहे. वानवडीला एएफएमसीत जायचे मनात असेल तर ती जाहिरात स्वतंत्र वाच.

«प्रवेश वर्षातून एकदाच.»

म्हणजे दुसरी तुकडी नाही. 'जानेवारीत पण घेतो' असे कोणी म्हणाले तर तिथून उठून ये.

आता एक ओळ प्रवेशाच्या प्रकरणातली नाही, पण सही करण्याआधी वाचावी अशी.

«परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी, गैरहजेरीचे कारण कोणतेही असो. पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक क्षेत्रात १०० टक्के.»

'कारण कोणतेही असो' हे कडक वाटते. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्यात शिरते, त्या दिवशी आपला आळंदी रस्ता बंद असतो आणि तू ससूनला पोचत नाहीस. ते कारण खरे आहे. तरी हजेरीत ते धरले जात नाही, तसा आजारही नाही, घरातले लग्नही नाही. उरलेले २० टक्के अशाच दिवसांसाठी ठेवले आहेत. ते आधी सिनेमाला खर्च करू नयेत.

१०० टक्क्यांत मात्र अशी जागा नाही. चुकलेला दिवस भरून द्यावा लागतो. आणि 'प्रत्येक' या शब्दाचा अर्थ असा की एका वॉर्डातले जास्तीचे दिवस दुसऱ्यात वळते होत नाहीत. मेडिसिनला तू चार दिवस जादा केलेस, म्हणून मानसिक आरोग्याच्या ड्यूटीतले दोन सुटत नाहीत. ते दोन मनोरुग्णालयातच भरायचे. येरवड्याचे मनोरुग्णालय तर तुझ्या घरापासून बसने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.