मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं

रेल्वेच्या हिशेबात माणूस बाराव्या वर्षी मोठा होतो. पाच ते बारा अर्धं तिकीट, त्यानंतर पूर्ण. एसटीतही तेच. घरातला हिशेब मात्र वेगळा असतो. नववीतल्या मुलाला एकट्याला मामाकडे एसटीनं पाठवायचं का, दहावीतल्या मुलीला क्लाससाठी लोकलनं जाऊ द्यायचं का, यावरून घरोघरी खल होतो. आईला मूल अजून लहान वाटतं, बाबांना त्यांचं स्वतःचं लहानपण आठवतं आणि आजीचं मत त्या आठवड्यातल्या बातम्यांवर ठरतं. मग मुलाची तोंडी परीक्षा सुरू होते. कुठे उतरायचं? पैसे कुठे ठेवलेस? फोन चार्ज आहे का? अनोळखी माणसानं खायला दिलं तर?

ही परीक्षा घ्यायलाच हवी. फक्त ती सगळी मुलाचीच असते. १९०१ साली सातारा जिल्ह्यात काही मुलं अशीच मोठ्या माणसांशिवाय प्रवासाला निघाली होती. ती या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली असती.

त्यांच्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर, वय नऊ-दहा. बरोबर मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं. वडील रामजी दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात रोखपाल होते. त्यांना नोकरी सोडून साताऱ्याला येता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे बोलावलं. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींमध्ये लिहिला. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत वाचून होतं. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

तयारी बघा. वडिलांनी प्रवासाची सगळी माहिती कळवलेली. कुठल्या दिवशी निघणार ते आधी कळवा, म्हणजे शिपाई स्टेशनवर घ्यायला येईल, असंही सांगितलेलं. मुलांनी तसं पत्र पाठवलं. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. बरोबर खाण्याचा डबा. स्टेशन दहा मैलांवर, तिथवर टांगा. मोठ्या भावानं तिकिटं काढली आणि धाकट्यांना खर्चायला दोन-दोन आणे दिले. त्यांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. यातल्या कुणीही त्याआधी आगगाडी पाहिलेली नव्हती. तरी ती बरोबर गाडीत चढली आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बरोबर मसूरलाच उतरली.

घ्यायला कुणीच आलं नव्हतं.

बाकीचे उतारू निघून गेले. तासाभरानं स्टेशनमास्तर आले, त्यांनी तिकिटं पाहिली, चौकशी केली. मुलांचे कपडे आणि बोलणं पाहून त्यांना ती ब्राह्मणाची वाटली आणि त्यांची दयाही आली. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? छोट्या भीमरावानं खरं ते सांगून टाकलं. आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आत निघून गेले.

बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण बातमी गाडीवानांपर्यंत पोचलेली होती. दुप्पट भाडं देऊ केलं तरी कुणी तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. मुलांनी दुप्पट पैसे द्यायचे, गाडीही त्यांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते हे मास्तर. ते मुलांना हाकलून देत नाहीत, उलट मदत करतात. पण कुणाचाही विटाळ होऊ नये, या चौकटीत बसेल तेवढीच.

पुढची रात्र पाण्यावाचून गेली. नदीच्या पात्रातलं डबकं शेणामुतानं घाण झालेलं, त्यामुळे डबा उघडूनही पोटभर खाता आलं नाही. मध्यरात्री जकात नाक्यावर, मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून पाहिलं. तिथेही मिळालं नाही. पैसे होते, अन्न होतं, पत्ता माहीत होता. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलं पोचली तेव्हा वडिलांना आश्चर्यच वाटलं. मुलांचं पत्र नोकराच्या हातात पडलं होतं, त्यानं ते त्यांना दिलंच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, नेमका कुठला दुवा तुटला? इथे तो सहज सापडतो: न पोचलेलं पत्र. पण तेवढ्यावर थांबलं तर उत्तर चुकतं. पत्र हरवलं म्हणून फार तर उशीर झाला असता. मुलं ब्राह्मणांची असती, तर मास्तरांनीच त्यांना दयेपोटी गाडी करून दिली असती.

याच साताऱ्याची आणखी एक गोष्ट आहे, साधारण पाव शतक आधीची. सतरा वर्षांचे धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडहून परीक्षेसाठी सह्याद्री चढून, शंभर मैलांहून जास्त चालत साताऱ्याला आले. तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, कारण ते वयानं लहान दिसत होते. घाट ओलांडून आलेला मुलगा समोर उभा असताना त्याची तयारी चेहऱ्यावरून मोजली गेली! हा अन्यायच होता. पण वाटेत पाणी मागताना आपण कोण हे लपवायचं कर्व्यांना काही कारण नव्हतं.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अजूनही रोजचा आहे. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची दुसऱ्या गावात. तिथे तेरा वर्षांची मुलगी एकटी जाईल का, हे घरचे ठरवतात. आणि पुष्कळदा ते तिच्या हुशारीवर नाही, तर संध्याकाळची एसटी किती वाजता आहे यावर ठरतं. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला. पुढे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांमध्ये मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या. या योजनांनी मुलगी तयार आहे का असं विचारलंच नाही, गाडी दिली. मग २०२१च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि काही महिने चालला. एसटीवर अवलंबून असलेल्या गावांतल्या मुलींची अक्कल किंवा हिंमत त्या काळात कमी झाली नव्हती, फक्त गाडी थांबली होती.

कायद्याला हे थोडंफार कळतं, असं म्हणायला जागा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यातलं १३९वं कलम बघा. बरोबर पुरुष नसलेली बाई किंवा मूल विनातिकीट सापडलं, तरी त्यांना वाटेत कुठेही उतरवता येत नाही. जिथून ते निघाले ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही दिवसा. म्हणजे पोरानं तिकीट काढलं नाही ही चूक त्याची, पण अंधारात आडगावच्या फलाटावर त्याला सोडणं ही चूक रेल्वेची.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणाची तोंडी परीक्षा चालली असेल, तर दोन-तीन प्रश्न मोठ्यांनाही विचारावेत. न्यायला कोण येणार आणि तो आला नाही तर दुसरं कोण? शेवटची गाडी किती वाजता? उतरायच्या जागी पाणी आणि दिवा आहे का? १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पोराला पाठ आहे का? आणि या वाटेवर त्याला कुणी आडनाव विचारलं, तर पुढे काय होईल?