दिनविशेष : ४ मार्च १७५९ – सुरतेच्या किल्ल्यावर दोन झेंडे

तापीकाठचा सुरतेचा किल्ला सिद्दीच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. निशाण मात्र नुसते बदलले नाही. कॅप्टन मेटलंडच्या फौजेने किल्ला घेतला, कंपनीचा झेंडा चढला आणि मुघलांचाही फडकतच राहिला.

त्याचा अर्थ काय? कागदोपत्री कंपनी बादशहाची किल्लेदार आणि आरमारप्रमुख. त्याच वर्षी सनदही आली. दिल्लीला तो झेंडा आपल्या सार्वभौमत्वाची खूण वाटे, इंग्रजांना सोयीचा पडदा. शहराची चौथाई घेणाऱ्या मराठ्यांच्या लेखी दोन्हींची किंमत बेताचीच असावी!

१८०० मध्ये शहराचा कारभारही नवाबाकडून कंपनीकडे गेला. तरी दिल्लीचे आणि मुघल आरमाराचे निशाण उतरले ते १८४२ मध्ये, शेवटचा नामधारी नवाब वारल्यावर.