कासवाला शिकविणारी मुले

मोटारगाडी वळण घेऊ लागली की बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. इंजिनाची एकच गती दोन्ही चाकांना त्यांच्या गरजेप्रमाणे वाटून देणारी दातेरी चक्रांची एक जुळणी गाडीत असते. तिला ‘डिफरन्शियल’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत वाढणाऱ्या एका लहान मुलाला या चक्रांनी अक्षरशः झपाटले होते. पुढे शाळेत पाढे आले, दोन अव्यक्तांची समीकरणे आली, तेव्हा तो मनातल्या मनात चक्रे फिरवून ती समजून घेऊ लागला. गणित त्याला कधी परके वाटलेच नाही. १९२८ साली प्रिटोरिया येथे जन्मलेला हा मुलगा म्हणजे सेमूर पेपर्ट. मुलांच्या हाती संगणक कशासाठी द्यावा, या प्रश्नाचा त्यांच्याइतका मुळापासून विचार विसाव्या शतकात फार थोड्यांनी केला.

ही आठवण पेपर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथाच्या प्रारंभीच सांगितली आहे. पण सर्व मुलांना दातेरी चक्रे आणून द्यावीत, असा भाबडा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्यांचे चक्रांवर प्रेम जडले होते, आणि प्रेम काही अभ्यासक्रमात घालता येत नाही. मग ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे निरनिराळी रूपे घेईल असे साधन कोणते? त्यांना ते संगणकात दिसले.

या उत्तरापर्यंत ते जिनीव्हाच्या वाटेने आले. गणितात डॉक्टरेट मिळवून, केंब्रिजला संशोधन करून १९५८ साली ते बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याकडे गेले व १९६३ पर्यंत तेथे राहिले. मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे, ते आपल्या परीने जगाविषयी उपपत्ती रचीत असते आणि त्याच्या चुकीच्या उत्तरालाही स्वतःचे तर्कशास्त्र असते, ही पियाजे यांची शिकवण त्यांनी आत्मसात केली. मात्र रचना करायची तर सामग्री हवी, आणि ती भोवतालच्या संस्कृतीने पुरवावी लागते, यावर पेपर्ट यांनी अधिक भर दिला. फ्रान्समधले मूल फ्रेंच शिकते ते व्याकरण घोकून नव्हे. तशीच एखादी गणितभूमी असती, तर तेथली मुले गणितही सहजच बोलू लागली असती.

त्या काळी यंत्राने शिक्षण देण्याची कल्पना नवी नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाचे बी. एफ. स्किनर यांनी १९५४ च्या सुमारास आपले अध्यापनयंत्र पुढे मांडले होते. यंत्राने प्रश्न विचारायचा, मुलाने उत्तर द्यायचे, यंत्राने ते बरोबर की चूक ते तत्काळ सांगायचे. संगणक आल्यावर पुष्कळांनी हीच रीत त्यावर चढविली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आलेल्या पेपर्ट यांनी ती नेमकी उलटी केली. आज्ञा मुलाने द्यावी, यंत्राने पाळावी. संगणकाने मुलाला घडविण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे.

१९६७ साली वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘लोगो’ ही संगणकभाषा मुलांसाठी सिद्ध केली. एकेक संगणक खोलीभर जागा व्यापीत असे आणि त्याची किंमत सामान्य शाळेच्या स्वप्नातही येत नसे, असा तो काळ होता. लवकरच लोगोच्या जोडीला कासव आले. आधी ते जमिनीवर फिरणारे, पेनाने रेघ ओढणारे खरेखुरे यंत्र होते. मागाहून पडद्यावर आले. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा सांगितले की चौकोन झाला.

त्रिकोणाची गंमत मात्र निराळी आहे. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे मुलाला पाठ असते. म्हणून ते कासवाला साठ अंश वळायला सांगते. तीन बाजू काढून कासव थांबते, आणि पडद्यावर असतो षट्कोनाचा अर्धा भाग! वहीत अशा उत्तरावर तांबडी फुली पडली असती आणि प्रकरण तेथेच मिटले असते. येथे मूल उठते, जमिनीवर स्वतः कासवासारखे चालून पाहते, आणि वळायचे ते आतल्या कोनातून नव्हे, बाहेरच्या कोनातून, म्हणजे एकशेवीस अंश, हे त्याच्या पायांना कळते. शिवाय षट्कोन कसा काढावा हेही फुकटात कळून जाते. चूक ही लपविण्याची नव्हे, शोधून दुरुस्त करण्याची वस्तू आहे, हा पेपर्ट यांचा सिद्धान्त अशा प्रसंगांतूनच उभा राहिला.

शाळांनी हे कितपत स्वीकारले? १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील संशोधकांनी दाखविले, की लोगो शिकल्यामुळे मुलांची नियोजनशक्ती आपोआप वाढत नाही. पेपर्ट यांनी उलट विचारले, की लाकडामुळे चांगली घरे होतात का, असा प्रश्न कोणी करते काय? उत्तर मार्मिक होते. पण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथानेच अपेक्षा फार उंचावल्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे.

खरा पराभव निराळाच होता. शाळेने संगणक वर्गातून उचलून ‘संगणककक्षात’ नेला, त्याला तासिका दिली, परीक्षा दिली. १९९३ च्या आपल्या पुस्तकात पेपर्ट यांनी याला शरीराच्या रोगप्रतिकाराची उपमा दिली: परकी वस्तू आत आली की तिला घेरून निरुपद्रवी करून टाकावयाचे. भारतातही अनेक शाळांच्या संगणकविषयक पाठ्यपुस्तकांत लोगोचा धडा आला. ज्या भाषेत मुलांनी चुकत चुकत बोलावयाचे, तिच्या आज्ञा गाळलेल्या जागा भरण्यासाठी पाठ होऊ लागल्या!

पेपर्ट यांनी प्रयत्न सोडला नाही. मेन राज्याने २००२ साली सातवीच्या मुलांना स्वतःचे संगणक देण्यास आरंभ केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. गरीब देशांतील मुलांसाठी स्वस्त संगणकाची योजना २००५ साली निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्यासह आकाराला आली, आणि २००७ साली तिचे हिरवे-पांढरे संगणक रायगड जिल्ह्यातील खैराटच्या छोट्या शाळेतही पोहोचले.

तोवर पेपर्ट यांच्यावर आघात झाला होता. डिसेंबर २००६ मध्ये गणितशिक्षणाच्या परिषदेसाठी ते हनोईला गेले होते. तेथील रस्त्यांवरची मोटारसायकलींची अखंड रहदारी गणिताच्या साच्यात कशी बसवावी, याची चर्चा एका सहकाऱ्याशी चालू असतानाच रस्ता ओलांडताना त्यांना मोटारसायकलची धडक बसली. मेंदूला जबर इजा झाली. त्यानंतरची वर्षे त्यांनी मेन राज्यातील आपल्या घरी काढली, आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी बोलणे पुन्हा नव्याने शिकावयास घेतले. ३१ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.